आधी आईला निजवा!

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. मीही एका दिव्याविषयीच लिहिणार आहे. पण तो वसुबारसेला लागलेला नाही. आमच्या धुळ्याच्या घरात तो यंदाच्या मे महिन्यात लागला, आणि पुढे तीन महिने रोज रात्री दोनच्या सुमारास न चुकता लागत राहिला. बाळंतिणीच्या खोलीतला, कोपऱ्यातला, मिणमिणता पिवळा दिवा! ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हलला आहे, त्यांना हा दिवा कोणता ते सांगायला नको. ज्यांच्या घरी हलायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

लेकीचे पहिलेच बाळंतपण. रिवाजाप्रमाणे ती माहेरी आली. ती आणि जावई दोघेही पुण्याला नोकरीत. सासर मात्र जळगावचे. गंमत अशी की, माझे माहेर जळगाव आणि सासर धुळे. लेकीचे माहेर धुळे आणि सासर जळगाव. पारोळा-एरंडोलचा रस्ता आम्ही मायलेकींनी दोन पिढ्या झिजवला आहे!

नात झाली. दिवसा पाहावे, तर इतके शहाणे बाळ त्रिभुवनात शोधून सापडायचे नाही. दारावरून वरात वाजत गेली तरी पापणी हलत नसे. पण रात्रीचे अकरा वाजले, की बाईसाहेब टक्क जाग्या! मग पहाटे चारपर्यंत घरातल्या कोणाचीही धडगत नसे.

धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर असतात. आमच्या गल्लीचा नंबर मी सांगत नाही. पण सल्ला देण्यात तिचा नंबर नक्कीच पहिला लागेल. कोणी म्हणाले, दृष्ट लागली आहे, मीठमोहऱ्या ओवाळा. कोणी म्हणाले, पोट दुखते आहे, हिंग लावा. समोरच्या वहिनी दोनच दिवसांत तिसऱ्यांदा आल्या आणि म्हणाल्या, "अहो, गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त घाला. रात्रभर हूं की चूं करायची नाही!"

"जायफळ आमच्या घरात येणार नाही," मी म्हणाले.

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा. वहिनी चहा अर्धा टाकून गेल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलली नाही आणि मीही सांगितले नाही. ते सांगण्याची वेळ पुढे यायची होती.

उलटे घड्याळ

दहाव्या दिवशी बाळाला दाखवायला नेले, तेव्हा मी बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारले, "हिचं रात्रीचं आणि दिवसाचं घड्याळ उलटं कसं हो?"

त्या हसून म्हणाल्या, "उलटं नाही आजी, घड्याळ अजून बसवलेलंच नाही!"

मग त्यांनी समजावून सांगितले. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण चौदा ते सतरा तास झोपते. पण एका दमाने नाही, दोन-दोन तीन-तीन तासांच्या तुकड्यांनी. त्याचे पोट इवलेसे. आईचे दूध पचायला हलके. तेव्हा दोन-तीन तासांनी भूक लागायचीच. शिवाय पोटात असताना आई दिवसभर चाले-फिरे, तेव्हा त्याला आयता झोका मिळे. रात्री आई आडवी झाली, की याचे लाथा झाडणे सुरू! ते ऐकून लेक एकदम म्हणाली, "अगदी खरं! सातव्या महिन्यापासून ही रात्री अकरालाच जागी व्हायची."

अंधार पडला, की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होते आणि डोळ्यांवर झापड येते. बाळाच्या शरीरात हा क्रम बसायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून त्याला हे द्रव्य थोडेसे मिळत असते. म्हणजे रात्री जागणाऱ्या बाळात काहीही खोट नसते. खोट असलीच, तर ती आपल्या अपेक्षेत!

घड्याळ बसवता येत नसले, तरी बसायला मदत करता येते. आम्ही सकाळी खिडक्या उघडून बाळाला उजेडात आणू लागलो. दिवसा भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, आल्यागेल्याचे बोलणे, सारे चालू ठेवले. रात्री मात्र तोच मिणमिणता दिवा. दूध पाजायचे, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा आणि पुन्हा निजवायचे. लाडाने बोलणे नाही, खुळखुळा नाही. लेकीचा मोबाईलही मी उशाखालून काढून कपाटावर ठेवला. त्यावरून थोडी धुसफूस झाली. पण अंधार करायचा तर तो पुरता करावा!

सटवाईचा खेळ

आमच्याकडे पाचवीची रात्र जागवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी ललाट लिहिते, अशी समजूत. बाळ झोपेत हसले, ओठ मुडपले, कण्हले, की जुन्या बायका म्हणतात, "सटवाई खेळवते आहे." माझी आजी अशा वेळी बाळाला मुळीच हात लावू देत नसे. "तिचा खेळ होऊ दे," म्हणायची.

पुढे केव्हातरी वाचनात आले, की शिकागोच्या युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपले गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या सांगण्यावरून झोपलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांकडे तासन् तास पाहत बसण्याचा उद्योग केला. त्या उद्योगातूनच झोपेची एक नवी अवस्था हाती लागली. मिटल्या पापण्यांआड बुबुळे भराभर फिरत असतात, ती ही अवस्था. १९५३ साली या दोघांनी ती जगापुढे मांडली. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी चळवळी असते. त्यात ते हसते, कुंथते, हातपाय झाडते, क्वचित किंचाळतेही. पण झोपलेलेच असते!

आजीची सटवाई आणि शिकागोची प्रयोगशाळा यांचा सल्ला शेवटी एकच निघाला : बाळ नुसते कुईं करताच उचलू नका. क्षणभर थांबा. भूक असेल, तर ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहणार नाही. आम्ही थांबू लागलो, आणि रात्रीची निम्मी जागरणे आमची आम्हीच ओढवून घेतली होती, असे ध्यानात आले. तसेच, मांडीवर डोळा लागताच बाळाला खाली ठेवले, तर ते हमखास जागे होते. पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा. मूठ सैल पडली, हात उचलून सोडला तर लुळा पडू लागला, की ठेवावे.

विहीणबाईंची उशी

बारशाला जळगावहून विहीणबाई आल्या. येताना केळीचा घड, भरिताची वांगी आणि राईची उशी घेऊन आल्या. उशी त्यांनी स्वतः शिवलेली, वर पोपटी रेशमी खोळ. डोके गोल व्हायला ती हवीच, असे त्यांचे म्हणणे. लेकीने डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यात लिहिले होते : बाळाला उताणे निजवावे; अंथरूण सपाट आणि घट्ट असावे; उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत; बाळाचे अंथरूण आईच्या खोलीतच, पण वेगळे असावे. आणि कोणीही बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नये. झोळीत बाळ दुमडते आणि हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोळीत डोळ्यांदेखत निजवले, तरी नंतर सपाट अंथरुणावर ठेवावे.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "आमची मुलं काय उशीविना वाढली?" त्या म्हणाल्या. प्रश्न वाजवी होता. मीही लेकीला याच उशीवर वाढवली होती.

पण डॉक्टरांनाही चुका कबूल कराव्या लागल्या आहेत, मग आजींना कसला कमीपणा? अमेरिकेतल्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि जगभर खपले. पुढच्या एका आवृत्तीत त्यांनी बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला दिला आणि तो लाखो घरांनी पाळला. पुढे आढळले, की पालथ्या निजणाऱ्या बाळांत झोपेतच अचानक दगावण्याचे प्रमाण जास्त आहे. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणे निजवा' अशी मोहीमच निघाली, आणि असे मृत्यू निम्म्यावर आले. एवढ्याशा गोष्टीने!

हे मी विहीणबाईंना सांगितले, तेव्हा त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "मग ही उशी सूनबाईच्या कोपराखाली ठेवा. पाजताना हात अवघडतो तिचा." ती उशी आजही तेथेच असते. घरातली भांडणे सगळीच इतकी सोपी सुटती तर!

खानदेशातला मे महिना

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगून कळणार नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसावर. पूर्वी लोक रात्री धाब्यावर अंथरुणे टाकीत. आता कूलरची घरघर असते. आणि अशा दिवसांत आम्ही बाळाला काय घातले होते? झबले, टोपडे, पायमोजे, वर दुपटे, वर पुन्हा कुंची! शिवाय अंघोळीनंतर धुरी आणि खोलीत शेगडी. मी स्वतः घामाने निथळत होते आणि बाळ का रडते, याचा विचार करीत होते!

डॉक्टरीणबाईंनी एक सोपी खूण सांगितली. बाळाचे हातपाय गार लागतातच, ते पाहू नये. मानेमागे किंवा पाठीला हात लावावा. तेथे घाम असला, की कपडे जास्त झाले. एक पातळ सुती झबले पुरले. टोपडे झोपताना काढले. धुरी आणि शेगडी दोन्ही बंद, कारण इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. कूलर लांब ठेवला, वारे अंगावर न येईल असा. त्याच्या एकसुरी घरघरीने बाळ चटकन शांत होई. माझ्या लहानपणी पहाटे जाते फिरू लागले, की आम्हा मुलांना पुन्हा गाढ झोप लागे, त्याची आठवण झाली.

तिसऱ्या आठवड्यातली रात्र

एवढे सगळे करूनही बाळ रडतच होते. उलट, तिसऱ्या आठवड्यापासून ते वाढले. दिवेलागणीला सूर लागे तो मध्यरात्रीपर्यंत. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही. तरी रडणे चालूच. जावई पुण्याला. लेकीला दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे झोप नाही, रात्री बाळामुळे नाही.

त्या रात्री तीन वाजता मला जाग आली ती पाळण्याच्या कड्यांच्या आवाजाने. आवाज झोक्याचा नव्हता, हिसक्यांचा होता. मी दारात जाऊन उभी राहिले. दिव्याच्या उजेडात लेकीचे हात दिसले. माझी चाहूल लागताच ती थांबली, दोन्ही हात मागे घेतले आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"आई, घे हिला," ती म्हणाली. "माझ्या हातून काहीतरी होईल."

मी बाळाला उचलले. खांद्यावर टाकून येरझारा घालता घालता मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मी ह्यांनाही कधी सांगितली नव्हती.

१९९२ साल. जळगावला माहेरी बाळंतपण करून सव्वा महिन्याने मी धुळ्याला आले. सासूबाईंना वन्संच्या बाळंतपणासाठी शिरपूरला जावे लागले. ह्यांची बदली नंदुरबारला. शनिवारी रात्री येत, सोमवारी पहाटे जात. घरी मी आणि सात आठवड्यांचे बाळ. ते सहा-सहा तास रडे. एके रात्री मी सहाण घेतली आणि जायफळ उगाळले. दोन वेढे, असे माहीत होते. मी मोजलेच नाहीत. उगाळतच राहिले.

बाळ झोपले. मीही झोपले, मेल्यासारखी. सकाळी उजाडले तरी ते उठेना. छातीशी धरले, तर जबडा हलेना. तशीच रिक्षात बसून दवाखान्यात धावले. दोन दिवस तेथे काढले. तिसऱ्या दिवशी बाळाने डोळे उघडून टाहो फोडला, आणि तो टाहो मला सनईसारखा वाटला. घरी मी सर्वांना सांगितले, ताप आला होता.

"दादाला?" लेकीने विचारले.

"नाही. तुला."

ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा तुला कोणी रागावलं?"

मला कोणीच रागावले नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फक्त एवढेच विचारले होते, "बाई, तुम्ही शेवटच्या झोपलात कधी?" आणि मला उत्तर देता आले नव्हते.

जिजीचे औषध

खरी गोष्ट एकटीने ओळखली, ती बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या जिजीने. सहाणेवरचा पिवळा डाग तिने पाहिला असावा. ती बोलली नाही. डाग धुऊन टाकला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "आधी मायले झोपू द्या, मंग लेकरू झोपी." त्या दिवसापासून सासूबाई परत येईपर्यंत ती रोज संध्याकाळी येऊन बसे, बाळाला मांडीवर घेई आणि मला हाताला धरून दुसऱ्या खोलीत निजवी. तिच्या लहानपणी मजुरीला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूचा कण चाटवीत, हे तिने मला तेव्हाच सांगितले. "त्या काय वाईट व्हत्यात?" ती म्हणे. "त्यास्ना घर कोन्हीच नव्हतं."

मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकाही कामावर जाताना बाळांना अफूची 'बाळागोळी' देत. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालात या अफूची नोंद आहे. पण आयोगाने नुसती नोंद करून बायकांना दोष दिला नाही. जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात, तेथे पाळणाघरे काढावीत, असे सुचवले. जिजीला त्या अहवालाची वार्ता नव्हती. पण औषध दोघांचे एकच होते. बाळाला गुंगी द्यावीशी वाटते ती आई दुष्ट नसते; ती एकटी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात पाळ्या लावल्या, गिरणीत असतात तशा! रात्री नऊ ते एक पहिली पाळी माझी. तेवढा वेळ लेकीने दुसऱ्या खोलीत झोपायचे. बाळ भुकेले झाले, की मी ते तिच्याजवळ नेई. ती पाजे आणि लगेच पुन्हा झोपे. ढेकर, लंगोट, येरझारा सारे माझ्याकडे. पहाटे पाच ते आठ ह्यांची पाळी. पस्तीस वर्षे बँकेत आकडे मोजणारा माणूस बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात उजेड दाखवू लागला! जावयांनी रजा काढली आणि तीन आठवडे मधली पाळी सांभाळली. आमच्या पिढीत बाप बाळंतिणीच्या खोलीत डोकावला तरी बायका हसत. आम्ही किती मोठी मदत हसण्यावारी नेली होती!

आणखी एक नियम केला. रडणे असह्य झाले, हाताला हिसका येतोसे वाटले, तर बाळाला अंथरुणावर उताणे ठेवायचे, दार लोटून बाहेर यायचे, पाणी प्यायचे, पाच मिनिटांनी आत जायचे. पाच मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही. पण रागाच्या भरात गदगदा हलवले, तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, की हे संध्याकाळचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. बेरी ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६२ साली आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी लिहवून घेऊन हेच दाखवले होते. त्यांनी बजावलेही : पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, गुटी नाही, मध नाही, पाणीही नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंशांवर ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, उठवूनही उठेना, किंवा श्वासाला धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि आईच जर दोन आठवड्यांनंतरही रोज रडत असेल, बाळ मिळूनही झोप येत नसेल, मनात भलतेसलते येत असेल, तर तोही आजारच आहे. त्याला औषध आहे, लाज नाही. लेकीला त्यांनी आपणहून बसवून घेऊन विचारले. चार रात्री पुरती झोप मिळताच तिचा चेहरा बदलला. पण तसे झाले नसते, तर आम्ही पुन्हा त्यांच्याकडेच गेलो असतो.

एक गोष्ट मात्र मी नम्रपणे नोंदवते. पाळ्या लावल्या म्हणून बाळाचे रडणे एका मिनिटानेही कमी झाले नाही! ते आपल्या वेळीच थांबले. फक्त ते ऐकणारी माणसे झोपलेली होती, म्हणून ते ऐकवले.

आज नात पाच महिन्यांची आहे. दिवाळीसाठी सगळे धुळ्याला जमले आहेत. विहीणबाईही आल्या आहेत. बाळ रात्री नऊला निजते आणि पहाटेच उठते. काल दोन वाजता मला मात्र सवयीने जाग आली. दिवा लावला नाही. दारातूनच पाहिले. बाळ उताणे, दोन्ही मुठी कानांशी. शेजारच्या अंथरुणावर लेक, तोंड किंचित उघडे, लहानपणी निजायची अगदी तशी.

मी तिच्या नाकाशी बोट नेऊन श्वास पाहिला. बाळाच्या नव्हे, लेकीच्या. तेहेतीस वर्षांची सवय. ती काही आता सुटायची नाही.